आदी मान्यवर

तळेगाव ढमढेऱ्याच्या पेठेत आतारांचं दुकान होतं. बांगड्या, कुंकू, नाडे, वह्या, रिफिली आणि बरणीतल्या गोळ्या असा सगळा माल तिथं एकाच पत्र्याखाली नांदायचा. दुकानाच्या डाव्या बाजूला शहाबानोभाभी बायकांच्या हातांत बांगड्या चढवायच्या आणि उजव्या बाजूला त्यांचे यजमान इनुसभाई गावाच्या बातम्या लिहायचे. दोन्हीकडं गिऱ्हाइकाला थोडं दुखायचं. पण डावीकडची बाई भरलेला हात पुढं धरून बघत, हसत घरी जायची. उजवीकडचं गिऱ्हाईक पेपर आला की परत यायचं आणि तेव्हा ते हसत नसायचं.

इनुसभाई १९९१ पासून ‘दैनिक भीमाकाठ’चे तळेगावचे वार्ताहर होते. पेपर पुण्यात छापला जायचा आणि त्याचं उपकार्यालय दौंडला स्टेशनसमोर होतं. इनुसभाई बातमी लिहून पाकिटात घालायचे, वर लाल शाईनं ‘बातमी – अति तातडीची’ असं लिहायचे आणि पाकीट दौंडच्या एस.टी.च्या कंडक्टरकडं सोपवायचे. दौंडहून ते रेल्वेनं पुण्याला जायचं. आत शाळेचं गॅदरिंग असो, सोसायटीची सभा असो की कुणाच्या म्हशीनं दोन तोंडांचं रेडकू दिलेलं असो, पाकीट अति तातडीचंच असायचं. बातमी तिसऱ्या दिवशी लागायची. तोवर गाव शांतपणे थांबायचं, कारण दुसरा इलाज नव्हता.

खरं सांगायचं तर बातमीत काय घडलं याच्याशी गावाला काही देणंघेणं नव्हतं. जे घडलं ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घडलेलं असायचं. गाव बातमी खालून वाचायचं. तळाशी एक वाक्य ठरलेलं असायचं: ‘यावेळी अमुक, तमुक, फलाणे आदी मान्यवर मोठ्या संख्येने उपस्थित होते.’ या वाक्यात जे ‘आदी’च्या आधी आले ते तरले आणि बाकीचे बुडाले. ज्यानं मांडवाची सुतळी घरून आणली, खुर्च्या मांडल्या, पाहुण्यांना पाणी दिलं आणि हाराच्या वेळी फोटोत अर्धा खांदा घुसवला, तो सकाळी पेपर उघडायचा आणि बघायचा, तर तो आदी झालेला असायचा.

‘आदी’च्या आधी साधारण सात नावं मावायची. ही कात्री पुण्याच्या डेस्कची होती, इनुसभाईंची नव्हती. इनुसभाई मनानं दिलदार. ते चाळीस-चाळीस नावं लिहायचे. बातमी अर्ध्या पानाची आणि नावं दीड पान. पुण्यात कुणीतरी सातव्या नावाशी ती कापायचा आणि तिथं ‘आदी’चं ठिगळ लावायचा. खुद्द इनुसभाईंचं नाव तर कधीच छापून आलं नव्हतं. बातमीच्या डोक्यावर नुसतं ‘वार्ताहर’ असं कंसात असायचं.

कापाकापी पुण्यात होते हे मात्र त्यांनी गावाला कधी सांगितलं नाही. पहिल्याच वर्षी सांगायची वेळ आली होती. म्हस्कूआबा नावाचे एक वयस्कर गृहस्थ नवव्या नंबरावरून आदीत गेले होते आणि तडक दुकानात आले होते. ‘आबा, ते पुण्यात कापत्यात’ असं म्हणायला इनुसभाईंनी तोंड उघडलं, तेवढ्यात आबा हात जोडून म्हणाले, “फुडल्या खेपंला आमच्याकडं बघा की, भाई.” आतारांच्या दुकानात लोक वडिलांच्या वेळेपासून नाडा मागत आले होते, सुई मागत आले होते. मेहेरबानी कुणी मागितली नव्हती. इनुसभाईंनी उघडलेल्या तोंडानं नुसतं “बघू” म्हटलं. ते ‘बघू’ पुढं सतरा वर्षं चाललं.

या सतरा वर्षांत त्यांना एकाच गोष्टीचा खरा अभिमान होता, तो क्रमाचा. “बातमी काय, शाळंतलं पोरगंबी लिवंल. क्रम लिवायला अक्कल लागती,” असं ते म्हणायचे, आणि त्यात तथ्य होतं. सोसायटीचे चेअरमन आधी की सरपंच? माजी सरपंच हा उपसरपंचाच्या वर की खाली? दोन चुलतभाऊ एकमेकांशी बोलत नसतील तर दोघांच्या नावांमध्ये घालायला निरुपद्रवी माणूस कोण? यावर इनुसभाई पेन कानावर ठेवून अर्धा-अर्धा तास विचार करायचे. सोसायटीचे चेअरमन पोपटराव आप्पा यांच्याबाबत मात्र विचाराचा प्रश्न नव्हता. त्यांचं नाव पहिलं. ते आलेले नसले तरी पहिलं, कारण ते उशिरा येण्याची शक्यता असायची.

आता रंभाताई ओव्हाळांचं सांगायला हवं. भीमनगर वॉर्डातून त्या दुसऱ्यांदा ग्रामपंचायतीवर निवडून आल्या होत्या. गावात कुठलाही कार्यक्रम असला की त्या स्टेजवर असायच्या, आणि पेपरात कधीच नसायच्या. प्रत्येक वेळी पेपर आला की त्या दुकानाशी थांबायच्या.

“आज बी आदीच का, इनुसभाऊ?”

“जागा कमी पडली, ताई.”

“आमच्यापाशी येऊनच बरी कमी पडती जागा.”

यावर इनुसभाई म्हणायचे, “बघू फुडच्या टायमाला.” रंभाताई मान डोलवायच्या आणि जायच्या. त्यांनी कधी आवाज चढवला नाही, म्हणून इनुसभाईंना त्यांची तक्रार फारशी गंभीर वाटली नाही.

ती गंभीर होती ती दौंडला. रंभाताईंचे यजमान मच्छिंद्र तिथं रेल्वेत होते आणि रेल्वे कॉलनीत खोली घेऊन राहायचे. आपली बायको ग्रामपंचायत मेंबर आहे, असं त्यांनी सोबतच्या गँगमनांना सांगितलं होतं. ही मोठी चूक झाली. ती पोरं रोज ‘भीमाकाठ’ उघडून म्हणायची, “मच्छिंद्रमामा, मेंबरबाई दिसंनात कुठं?” मच्छिंद्रमामा चष्मा लावून सगळी बातमी वाचायचे, आदीपर्यंत यायचे आणि चष्मा काढायचे. आठ वर्षं हे चाललं होतं. शेवटी शेवटी पोरं त्यांना ‘आदीमामा’ म्हणायला लागली.

२००८ साली गावातली शिकलेली पोरं एकाएकी इनुसभाईंना मान द्यायला लागली. रांजणगावच्या एम.आय.डी.सी.त जाणारी, पुण्यात कंपनीत असणारी, कालपर्यंत ओळख न दाखवणारी पोरं पेठेत गाडी हळू करून म्हणायची, “नमस्कार आदीसाहेब!” इनुसभाईंनी याचा अर्थ लावला. आदि म्हणजे पहिला. गावातला पहिला पत्रकार, म्हणून आदिसाहेब. नव्या पिढीला कदर आहे असं त्यांनी शहाबानोभाभींना त्या दिवशी दोनदा सांगितलं. भाभी म्हणाल्या, “अच्छा है,” आणि बांगड्या पुसत राहिल्या.

त्याच सुमारास रंभाताईंचा मुलगा सम्राट पेन घ्यायला दुकानात आला. तो पुण्यात एका कॉम्प्युटरच्या कंपनीत होता आणि सुट्टीला आला होता.

“भाई, आमच्या कम्युनिटीत पार दुबईपत्तुर मेंबर झालेत,” तो म्हणाला.

इनुसभाईंना ‘कमिटी’ ऐकू आलं. त्यांनी कानावरचं पेन काढलं.

“नाव काय कमिटीचं?”

“आम्ही आदी.”

“आदिवासींची हाय का?”

“न्हाई, आमचीच हाय.”

“रजिस्टर केली?”

“पासवर्ड हाय,” सम्राट अगदी गंभीरपणे म्हणाला.

“आफिस कुठं हाय?”

“ऑर्कुटवर.”

इनुसभाईंनी लिहिलं, ‘कार्यालय – ऑर्कुट’. उरुळीच्या पुढं कुठंतरी असावं असा त्यांचा अंदाज होता.

“उद्देश काय म्हनायचा?”

“जी मानसं कार्यक्रमाला असत्यात आन् पेपरात नसत्यात, त्यांची नावं लावायची.”

“चांगला उपक्रम हाय. पदाधिकारी सांग.”

“पदाधिकारी न्हाईत, भाई. सगळे आदीच.”

तिसऱ्या दिवशी ‘भीमाकाठ’मध्ये बातमी लागली: ‘तळेगाव ढमढेरे येथे “आम्ही आदी” कमिटीची स्थापना’. तळाशी वाक्य होतं, ‘कमिटीवर आदींची सर्वानुमते निवड करण्यात आली.’ पुण्याच्या डेस्कनं त्यातलं एक अक्षरही कापलं नव्हतं. बहुधा कापायला काही सापडलं नसावं.

गाव त्या दिवशी जेवढं हसलं तेवढं त्या वर्षात पुन्हा हसलं नाही. इनुसभाईही थोडे हसले, कारण सगळे हसत होते. शिरूरच्या कॉलेजात बी.कॉम. करणाऱ्या त्यांच्या सायमाला मात्र ते बघवेना. ती दुसऱ्या दिवशी त्यांना शिक्रापूरच्या सायबर कॅफेत घेऊन गेली आणि स्टुलावर बसवून म्हणाली, “अब्बा, कमिटी नाही ती. इंटरनेटवरचा गप्पांचा अड्डा आहे. वाचा.”

इनुसभाईंनी वाचलं. त्यांच्या एकेका बातमीवर तिथं चर्चा मांडलेली होती. आधी बातमीचं शेवटचं वाक्य, आणि खाली एकामागून एक आदी. ‘मी पण होतो.’ ‘मंडपाचा डावा खांब मीच धरून उभा होतो, सोडला असता तर मान्यवर राहिले नसते.’ ‘चहा पाजला की सातात येतं का?’ एक जण दुबईहून लिहीत होता की तो त्या कार्यक्रमाला नव्हता, पण असता तर आदीच असता. इथपर्यंत इनुसभाईंनी सोसलं. मग एक ओळ आली: ‘गावात कोण आहे आणि कोण नाही, हे आतार ठरवतो.’

इनुसभाईंना वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. सतरा वर्षं गावानं त्यांना शिव्या दिल्या होत्या, पण समोर येऊन. भांडायला येणारा माणूस दुकानात यायचा, डाव्या बाजूला कुणाच्यातरी बांगड्या चढत असायच्या, म्हणून त्याला थांबावं लागायचं. थांबता थांबता त्याचा राग निम्म्यावर यायचा, उरलेला चहात जायचा. इथं थांबायला बांगड्याच नव्हत्या. आणि भांडणाऱ्याला तोंडही नव्हतं. तोंडाच्या जागी कुणी गुलाब लावला होता, कुणी मोटारसायकल.

“मी न्हाई कापत गं,” ते सायमाला म्हणाले. “पुण्यात कापत्यात. मी चाळीस नावं धाडतो.”

सायमा म्हणाली, “मग सांगून टाका ना लोकांना!”

सांगणं सोपं नव्हतं. सांगितलं तर इनुसभाई निर्दोष ठरत होते, पण मग ते कोण उरत होते? नावं लिहून कंडक्टरकडं पाकीट देणारा एक माणूस. न सांगितलं तर मोठेपण राहत होतं, शिव्यांसकट. गावातला जो काही मान त्यांनी मिळवला होता तो सगळा त्या ‘बघू’वर उभा होता. महिनाभर ते याच विचारात होते आणि त्या महिन्यात त्यांनी बातम्या फार वाईट लिहिल्या.

त्यातच दौंडला वार्ताहर मेळावा झाला. पुण्याच्या डेस्कवरचे जालिंदर नावाचे उपसंपादक आले होते. पेपर आता वाचकांच्या आणखी जवळ जाणार, असं ते भाषणात म्हणाले आणि पहिल्या गाडीनं जायची घाई करायला लागले. इनुसभाईंनी त्यांना दारात गाठून विचारलं, “साहेब, सातच नावं का ठिवता?”

“सात असा काही नियम नाही हो,” जालिंदर म्हणाले. “जागा बघायची आणि खालून कापत यायचं. वरची कोण, खालची कोण, ते आम्हाला कुठं माहीत? जाहिरात आली की आणखी वर जायचं.”

म्हणजे सतरा वर्षं ज्या नियमासाठी त्यांनी बोलणी खाल्ली, तो नियमही नव्हता. इनुसभाई खिन्न होऊन स्टँडकडं निघाले. मेळाव्याची बातमी दुसऱ्या दिवशी लागली. त्यात इनुसभाई आदी होते.

मग बाजारच्या दिवशी त्यांनी मनाचा हिय्या केला. पेठेतलं चहाचं हॉटेल माणसांनी भरलेलं होतं. इनुसभाई उभे राहिले आणि म्हणाले, “मंडळी, एक सांगायचं हाय. नावं मी कापत न्हाई. पुण्यात कापत्यात.”

 कुणीतरी म्हणालं, “सोडा की, भाई! पुन्याच्या मानसाला आमच्याशी काय वैर?” दुसरा म्हणाला, “आता आर्कूटवर पोरांनी धरलं, तवा पुनं आठवलं व्हय?” एका म्हाताऱ्यानं तर त्यांना जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाला, “मोठ्या मानसानं असं भ्यायचं नसतं, भाई. माझं तेवढं फुडच्या टायमाला बघा.” गावाला इनुसभाई दुष्ट असलेले चालत होते. किरकोळ असलेले चालत नव्हते.

ते दुकानात परत आले तेव्हा रंभाताई डाव्या बाजूला बसल्या होत्या. त्यांचा एक हात शहाबानोभाभींच्या हातात होता. हॉटेलातलं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. पेठेत त्याला वेळ लागत नाही.

“इनुसभाऊ, तुमचं खरं हाय,” त्या म्हणाल्या. “पुण्यातच कापत असत्याल. मी कवाच वळखलं हुतं.”

इनुसभाईंना एकदम हलकं वाटलं. अख्ख्या गावात एक माणूस तरी निघालं! “कसं काय वळखलं, ताई?”

“कापाया धाडस लागतं. ते तुमच्यापाशी न्हाई.” रंभाताई हे कसलाही राग नसल्यासारखं म्हणाल्या. “पन एक सांगा. ते खालनं कापत्यात ना?”

“व्हय, खालनं.”

“मग मला खाली कोन बसवतं?”

शहाबानोभाभींच्या हातातली बांगडी रंभाताईंच्या अंगठ्याशी अडकून राहिली. इनुसभाईंनी कानावरचं पेन काढलं, बघितलं आणि परत कानावर ठेवलं. वरच्या सात नावांवर ते अर्धा-अर्धा तास घालवायचे. आठव्या नावावर त्यांनी कधी एक क्षणही विचार केला नव्हता. ते नाव हात आपोआप लिहायचा. भीमनगर गावाच्या शेवटी होतं, म्हणून रंभाताईंचं नावही शेवटी; यात ठरवण्यासारखं काही आहे हेच त्यांना कधी सुचलं नव्हतं. वार्ताहराची खुर्चीही टोकालाच असते, टेबलाच्या कोपऱ्यापाशी, आणि तिच्यावर बसून त्यांनी हे केलं होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली. ‘बघू’ हा शब्द ओठांवर आला होता, तो त्यांनी गिळला.

“चढवा, भाभी,” रंभाताई म्हणाल्या. भाभींनी बांगडी चढवली.

पुढच्या आठवड्यात भीमनगरच्या पाण्याच्या टाकीचं लोकार्पण होतं. या टाकीसाठी रंभाताई आठ वर्षं शिरूरच्या पंचायत समितीत खेटे घालत होत्या. तिथला शिपाई त्यांना बघितलं की साहेब मीटिंगला गेल्याचं आपणहून सांगायचा. कार्यक्रमाला आमदार आले, त्यांनी नळाची तोटी फिरवली, पाणी आलं, टाळ्या पडल्या. आमदारांनी टाकीचं श्रेय पोपटराव आप्पांना दिलं. आप्पांनी ते नम्रपणे घेतलं. रंभाताई टोकाच्या खुर्चीवर बसून पाण्याकडं बघत होत्या.

इनुसभाई दुकानात येऊन लिहायला बसले. आमदारांच्या हस्ते लोकार्पण, टाकीची क्षमता, भाषणांचा सारांश, सगळं भराभर झालं. मग त्यांनी ‘यावेळी’ हा शब्द लिहिला आणि पेन थांबलं. हाताला सवयीनं पोपटराव आप्पा लिहायचे होते. हाताला आवरून त्यांनी लिहिलं: रंभा मच्छिंद्र ओव्हाळ. त्यानंतर पोपटराव आप्पा, मग सरपंच, मग बाकीचे, पार चाळिसाव्या नावापर्यंत. कागद त्यांनी शिक्रापूरला जाऊन फॅक्स केला. पाकिटानं बातमी तिसऱ्या दिवशी लागली असती, तेवढा धीर त्यांना नव्हता. एक नाव वर गेलं, बाकी सगळे जाग्यावर. यानं कुणाचं काय बिघडणार होतं?

बिघडलं ते पोपटराव आप्पांच्या वाढदिवसामुळं. तो नेमका बातमी लागायच्या दिवशी आला. आप्पांच्या चाहत्यांनी त्याच पानावर फेटा बांधलेल्या फोटोसकट एवढी मोठी जाहिरात दिली की बातम्यांना जागाच राहिली नाही. जालिंदर किंवा जो कुणी डेस्कवर होता, तो खालून कापत वर आला. सरपंच गेले, उपसरपंच गेले, स्वतः आप्पा गेले. छापून आलं ते असं: ‘यावेळी रंभा मच्छिंद्र ओहोळ आदी मान्यवर मोठ्या संख्येने उपस्थित होते.’

पेठ सकाळी उघडली तीच हसत. ‘आम्ही आदी’वर दुपारपर्यंत चेअरमन, सरपंच आणि समस्त संचालकांचं नवीन सदस्य म्हणून स्वागत झालं. हॉटेलातल्या म्हाताऱ्यानं सगळ्यांना सांगितलं, “म्हनलं न्हवतं? पुनं-बिनं काय न्हाई, सगळं ह्या मानसाच्या हातात हाय!”

अकराच्या सुमारास पोपटराव आप्पा दुकानात आले. डाव्या बाजूला गिऱ्हाईक नव्हतं, त्यामुळं त्यांना थांबावं लागलं नाही.

“भाई, हे काय हाय?” आप्पांनी पेपर काउंटरवर टाकला. “माझ्याच वाढदिवसाला मी आदी?”

“जागा कमी पडली, आप्पा. तुमच्याच जाहिरातीनं.”

आप्पांनी जाहिरात बघितली, बातमी बघितली आणि थोडा दम घेतला. माणूस वाईट नव्हता, फक्त पहिला राहायची सवय होती. “हे बघा, भाई. पुण्यात चूक झाली म्हना. मी वर बोलतो. दुरुस्ती छापून येऊ द्या, माझं नाव वर. तुमच्यावर काय येनार न्हाई.”

इनुसभाईंनी भर हॉटेलात जे सांगितलं होतं आणि कुणी मानलं नव्हतं, तेच आता गावातला सगळ्यात मोठा माणूस त्यांना म्हणायला सांगत होता. पुण्यात कापलं. ते खरंही होतं. नुसतं ‘व्हय’ म्हणायचा अवकाश होता.

“न्हाई, आप्पा,” इनुसभाई म्हणाले. “कापलं पुण्यात. पन क्रम मी लावला.”

“मुद्दाम?”

“मुद्दाम. टाकी तिनं आनली.”

आप्पांनी काउंटरवरचा पेपर उचलला आणि ते गेले. चार दिवसांनी दौंडच्या ऑफिसातून फोन आला की तळेगावला नवा वार्ताहर नेमला आहे, ओळखपत्र पाठवून द्यावं. इनुसभाईंनी ओळखपत्र पाकिटात घातलं, सवयीनं वर ‘अति तातडीची’ असं लिहिलं आणि दौंडच्या एस.टी.च्या कंडक्टरकडं दिलं. एस.टी. वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ते स्टँडवर उभे होते. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी रंभाताई आल्या. हातात तोच पेपर होता.

“इनुसभाऊ, आडनाव चुकलंय.”

इनुसभाईंनी बघितलं. ओहोळ. त्यांनी स्वच्छ अक्षरात ओव्हाळ लिहिलं होतं, पण फॅक्सवर ते अक्षर फिसकटलं असणार.

“मालकांनी कॉलनीत पेपर दावला,” रंभाताई म्हणाल्या. “पोरं म्हनली, मामा, ही तर कुनी ओहोळ हाय. तुम्ही तर ओव्हाळ. आता तर त्यास्नी लईच खोटं पाडलं. दुरुस्ती छापा.”

“ताई, मी आता वार्ताहर न्हाई.”

रंभाताईंनी हे ऐकलं. कारण विचारलं नाही. त्यांना ते कळलं असावं. पेपरची घडी करत त्या एवढंच म्हणाल्या, “मग आता कुनाला सांगायचं?”

इनुसभाईंनी दुकानाच्या आत हाक मारली. “सायमा! चप्पल घाल. शिक्रापूरला जायचंय.”

कॅफेत सायमा टाइप करते म्हणाली, पण इनुसभाईंनी तिला बाजूला बसवलं. एका बोटानं, एकेक बटण शोधत त्यांनी ‘आम्ही आदी’वर लिहिलं. ‘ओव्हाळ’मधलं जोडाक्षर काही केल्या जुळेना. जुळलं तेव्हा मागं दोन गिऱ्हाइकं ताटकळत उभी होती.

‘दुरुस्ती – टाकीच्या लोकार्पणाच्या बातमीत रंभा मच्छिंद्र ओहोळ असे नाव प्रसिद्ध झाले आहे. ते रंभा मच्छिंद्र ओव्हाळ असे वाचावे. त्या ग्रामपंचायत सदस्या असून टाकी त्यांनी आणली आहे. यापूर्वीच्या सर्व बातम्यांत त्यांचे नाव आमच्याकडून शेवटी लिहिले गेले. ते पहिले वाचावे. (वार्ताहर)’

“अब्बा, खाली वार्ताहर नका लिहू,” सायमा म्हणाली. “मघाशी तुमच्या नावानं खातं उघडलंय, वर नाव आपोआप येतं.”

इनुसभाईंनी वर बघितलं. गुलाब नाही, मोटारसायकल नाही, तोंडाच्या जागी रिकामा चौकोन होता आणि शेजारी लिहिलं होतं: इनुस आतार. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग कंसातला ‘वार्ताहर’ त्यांनी एकेक अक्षर करत पुसला.

सायमानं बटण दाबून दुरुस्ती धाडली.  थोड्या वेळानं खाली एक ओळ आली, सम्राटच्या नावावरून. तो त्या दिवशी वडिलांकडं दौंडला गेला होता आणि स्टेशनजवळच्या कॅफेत त्यांना घेऊन बसला होता. रेल्वे कॉलनीतली पोरंही मागं उभी होती. ओळ वडिलांनी सांगितली होती, त्यानं फक्त टाइप केली होती.

‘वाचलं. पोरांना मोठ्यानं वाचायला लावलं. – मच्छिंद्र ओव्हाळ, दौंड.’